डबाबंद कडधान्ये आणि मटार : पोषणमूल्यांचा आढावा

डबाबंद कडधान्यांचे पोषणमूल्य तीन गोष्टींवर ठरते : डब्यात काय भरले, ते किती तापवले आणि डबा उघडल्यावर त्यातल्या पाण्याचे काय केले. पहिल्या दोन गोष्टी कारखान्यात ठरतात, तिसरी स्वयंपाकघरात. डब्यातले अन्न म्हणजे निःसत्त्व अन्न, असा एक सरसकट समज आहे. लेबलवर प्रथिने आणि तंतूंचे आकडे दिसले की डबा डोळे झाकून चांगला मानणारेही आहेत. दोन्ही समज अपुरे आहेत. काही घटक डब्यात जवळजवळ जसेच्या तसे राहतात, काही पाण्यात उतरतात, काही उष्णतेने नष्ट होतात आणि एक घटक, म्हणजे मीठ, बाहेरून येऊन मिळतो. प्रत्येकाचा हिशोब वेगळा मांडावा लागतो.

डब्यात नेमके काय असते

बाजारातल्या या डब्यांचे चार गट पडतात. पहिला गट पक्व, वाळलेल्या कडधान्यांचा : काबुली चणे, राजमा, चवळी, पांढरा घेवडा, काळा घेवडा. हे दाणे भिजवून, डब्यात भरून, डब्यातच शिजवलेले असतात. दुसरा गट हिरव्या, कोवळ्या दाण्यांचा, म्हणजे मटारचा. तिसरा गट शेंगांचा. फरसबीचे तुकडे डब्यात मिळतात, पण आहाराच्या दृष्टीने ती कडधान्ये नव्हेत, भाजी आहे. १०० ग्रॅममध्ये जेमतेम एक ग्रॅम प्रथिन. चौथा गट तयार पदार्थांचा. टोमॅटोच्या गोडसर सॉसमधले बेक्ड बीन्स हे त्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. पिट्सबर्गच्या हाइन्झ कंपनीने ते १८९५ मध्ये विक्रीस आणले आणि पुढे ब्रिटनमध्ये ते रोजच्या न्याहारीचा भाग झाले. त्यासाठी वापरला जाणारा बारीक पांढरा घेवडा प्रामुख्याने उत्तर अमेरिकेत पिकतो.

मटारच्या डब्यांतही दोन प्रकार आहेत आणि त्यांतला फरक ग्राहकाच्या सहसा लक्षात येत नाही. एका प्रकारात शेतातून ताजे तोडलेले हिरवे दाणे असतात. दुसऱ्यात सुके वाटाणे भिजवून, फुगवून भरलेले असतात आणि त्यांना हिरवा रंग दिलेला असतो. पहिली भाजी आहे, दुसरी उसळ. दोन्हींचे पोषण वेगळे आहे. लेबलवरच्या घटकांच्या यादीत ‘सुके वाटाणे’ किंवा ‘भिजवलेले वाटाणे’ असे लिहिलेले असेल, तर तो दुसरा प्रकार समजावा.

डबाबंद करण्याची पद्धत

हवाबंद भांड्यात अन्न उकळून टिकवण्याची पद्धत फ्रान्सच्या निकोला आपेर याने बसवली. १८१० मध्ये त्याने ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली आणि फ्रेंच सरकारकडून १२,००० फ्रँकचे पारितोषिक मिळवले. त्याने काचेच्या बाटल्यांत जे जिन्नस टिकवले, त्यांत कोवळा मटार आणि घेवड्याचे दाणेही होते. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये पीटर ड्युरंडने कथिलाचा मुलामा दिलेल्या लोखंडी डब्याचे पेटंट घेतले. १८७४ मध्ये बाल्टिमोरच्या ए. के. श्रायव्हरने दाबाच्या वाफेवर चालणारे, रिटॉर्ट नावाचे पात्र तयार केले. घरचा कुकर ज्या तत्त्वावर चालतो, त्याच तत्त्वावर ते चालते : दाब वाढला की पाणी १०० अंशांच्या पुढे तापते.

ही जादा उष्णता कडधान्यांसाठी अपरिहार्य आहे. टोमॅटो, अननस यांसारख्या आंबट पदार्थांत घातक जिवाणू वाढत नाहीत. चणे, राजमा, मटार मात्र आंबट नाहीत; त्यांचा पीएच ४.६ च्या बराच वर असतो. अशा अन्नात, हवा नसलेल्या डब्यात, क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम हा जिवाणू वाढून जीवघेणे विष तयार करू शकतो. त्याचे बीजाणू साध्या उकळीला दाद देत नाहीत. १९१९-२० मध्ये अमेरिकेत डबाबंद ऑलिव्हमधून विषबाधा झाल्यानंतर एस्टी आणि मायर या संशोधकांनी १९२२ मध्ये या बीजाणूंची उष्णता सोसण्याची क्षमता मोजली. त्यातून आजचा दंडक आला : डब्याच्या अगदी मध्यभागी, जिथे उष्णता सर्वांत उशिरा पोहोचते, तिथे १२१ अंश सेल्सिअसला किमान तीन मिनिटांइतका परिणाम व्हायलाच हवा. प्रत्यक्षात कडधान्ये याहून जास्त वेळ तापवली जातात, कारण दाणाही मऊ शिजायला हवा असतो.

कारखान्यात आधी दाणे निवडतात, पाण्यात भिजवतात आणि गरम पाण्यात किंवा वाफेत काही मिनिटे धरतात. या शेवटच्या पायरीमुळे दाण्यातली विकरे निष्क्रिय होतात आणि दाण्यांतली हवा निघून जाते. मग दाणे डब्यात भरून वर मिठाचे, कधी साखर घातलेले, गरम पाणी ओततात, झाकण दुहेरी मुडपून बसवतात आणि डबे रिटॉर्टमध्ये जातात. घरच्या पद्धतीपेक्षा इथे एक गोष्ट मुळात वेगळी आहे. डबा आधी बंद होतो आणि अन्न नंतर शिजते. त्यामुळे शिजताना दाण्यांतून जे पाण्यात उतरते, ते डब्याबाहेर जाऊ शकत नाही. ते डब्यातल्या पाण्यातच राहते.

प्रथिने, तंतू आणि ऊर्जा

अमेरिकी कृषी खात्याच्या अन्नघटक कोष्टकांनुसार घरी शिजवलेल्या काबुली चण्यांच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे १६४ किलोकॅलरी ऊर्जा, ८.९ ग्रॅम प्रथिन आणि ७.६ ग्रॅम तंतू असतात. डब्यातल्या, पाणी निथळलेल्या चण्यांत हेच आकडे १३९, ७ आणि ६.४ असे आहेत. वरवर पाहता डब्यातला चणा कमी सकस दिसतो. पण या फरकाचे मुख्य कारण पाणी आहे. डब्यात महिनोन्महिने पाण्यात राहिलेला दाणा अधिक फुगतो. घरच्या शिजलेल्या चण्यात सुमारे ६० टक्के पाणी असते, डब्यातल्यात त्याहून बरेच जास्त. पाण्याचा भाग वगळून मोजले, तर प्रथिनाचे प्रमाण दोन्हींत जवळपास सारखेच भरते. राजम्याचीही हीच गोष्ट : घरी शिजवलेल्यात साडेआठ-नऊ ग्रॅम प्रथिन, डब्यातल्यात आठच्या आसपास.

एका डब्याचा हिशोब मांडला की चित्र स्पष्ट होते. युरोपात सर्रास मिळणाऱ्या ४०० ग्रॅमच्या चण्यांच्या डब्यात पाणी निथळल्यावर साधारण २४० ग्रॅम चणे उरतात. त्यांत सुमारे १७ ग्रॅम प्रथिन आणि १५ ग्रॅम तंतू असतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २००० किलोकॅलरीच्या आहारात दिवसाला ३० ग्रॅमच्या आसपास तंतू असावेत, असे म्हटले आहे. म्हणजे एका डब्यातून दिवसाच्या गरजेचे निम्मे तंतू मिळतात. याच संस्थेच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत दिवसाच्या ताटात कडधान्ये व तत्सम पदार्थांसाठी ८५ ग्रॅम, तेही कच्च्या वजनाचे, असे प्रमाण दिले आहे. निथळलेले २४० ग्रॅम चणे म्हणजे साधारण तेवढेच कच्चे चणे.

प्रथिनांची प्रतही डब्यात फारशी खालावत नाही. कडधान्यांत लायसिन हे अमिनो आम्ल भरपूर असते, तर गंधकयुक्त अमिनो आम्ले, विशेषतः मेथिओनिन, कमी असतात. तांदूळ, गहू, ज्वारी यांत नेमके उलटे असते. म्हणून वरण-भात, उसळ-भाकरी, राजमा-चावल ही जोडी प्रथिनांच्या दृष्टीने भक्कम ठरते आणि डब्यातल्या कडधान्यांनाही हाच नियम लागू आहे. अति उष्णतेत थोडे लायसिन साखरेशी संयोग पावून वाया जाते. साखर घातलेल्या बेक्ड बीन्समध्ये हे अधिक होते, साध्या मिठाच्या पाण्यातल्या दाण्यांत नगण्य.

जीवनसत्त्वे आणि खनिजे

खरा तोटा होतो तो पाण्यात विरघळणाऱ्या जीवनसत्त्वांचा. कडधान्ये ही फोलेट या ब गटातल्या जीवनसत्त्वाची उत्तम स्रोत मानली जातात. गर्भधारणेच्या आधी आणि सुरुवातीच्या आठवड्यांत बाळाच्या मज्जारज्जूच्या घडणीसाठी ते अत्यावश्यक असते. घरी शिजवलेल्या १०० ग्रॅम चण्यांत सुमारे १७० मायक्रोग्रॅम फोलेट असते. डब्यातल्या निथळलेल्या चण्यांत ते निम्म्याहूनही कमी उरते. थायमिन म्हणजे ब-१ जीवनसत्त्व उष्णतेला नाजूक असल्याने तेही घटते. यातला काही भाग उष्णतेने नष्ट होतो आणि बराचसा डब्यातल्या पाण्यात उतरलेला असतो. पाण्यात विरघळणारे घटक डब्यात कालांतराने दाणा आणि पाणी यांत समतोल साधतात. म्हणून जो पाणी फेकतो, तो त्या घटकांतला मोठा वाटाही फेकतो.

खनिजे उष्णतेने नष्ट होत नाहीत, पण पाण्यात उतरतात. पोटॅशियम सर्वांत जास्त, मॅग्नेशियम त्याखालोखाल. लोह बरेचसे दाण्यात बांधलेले असते. तरी डब्यातल्या चण्यांत ते १०० ग्रॅमला एक मिलिग्रॅमच्या आसपास, तर घरी शिजवलेल्यात तीन मिलिग्रॅमच्या जवळ, असा फरक कोष्टकांत दिसतो. कडधान्यांतले लोह तसेही शरीरात कमी शोषले जाते, कारण फायटेट त्याला धरून ठेवते. उपाय सोपा आहे आणि महाराष्ट्रातल्या स्वयंपाकघरात तो रुळलेला आहे : वरून लिंबू पिळणे. लिंबातले क जीवनसत्त्व लोहाचे शोषण वाढवते. उलट जेवणाबरोबर किंवा जेवणानंतर लगेच घेतलेला चहा ते कमी करतो.

पोटॅशियम कमी होणे हा बहुतेकांच्या दृष्टीने तोटा आहे, कारण पोटॅशियम रक्तदाब आटोक्यात ठेवायला मदत करते. मूत्रपिंडाच्या विकारात ज्यांना पोटॅशियम मर्यादित ठेवायला सांगितलेले असते, त्यांच्या बाबतीत मात्र डब्यातले धुतलेले कडधान्य घरी शिजवलेल्यापेक्षा सोयीचे ठरू शकते. अशा रुग्णांनी हा निर्णय आहारतज्ज्ञाच्या सल्ल्यानेच घ्यावा.

मीठ : डब्याचा मुख्य दोष

बिनमिठाच्या शिजवलेल्या चण्यांत १०० ग्रॅमला सात मिलिग्रॅम सोडियम असते. साध्या डब्यातल्या निथळलेल्या चण्यांत ते २५० मिलिग्रॅमच्या घरात जाते. डब्यागणिक आकडा बदलतो. राजमा आणि मटार यांच्या डब्यांतही तो साधारण २०० ते ३०० मिलिग्रॅमच्या दरम्यान असतो. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला २००० मिलिग्रॅमहून कमी सोडियम घेण्याचा सल्ला देते. मिठाच्या भाषेत ते पाच ग्रॅमहून कमी, म्हणजे एक चहाचा चमचाभर. ४०० ग्रॅमचा डबा पाण्यासकट आमटीत ओतला, तर एक ग्रॅमहून अधिक सोडियम, म्हणजे दिवसाच्या मर्यादेचा निम्मा वाटा, एकट्या डब्यातून येतो. फोडणीनंतर सवयीने टाकलेले मीठ वेगळेच.

हा दोष बराचसा घालवता येतो. २०११ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात डबाबंद कडधान्यांचे पाणी नुसते निथळल्याने सोडियम ३६ टक्क्यांनी आणि निथळून धुतल्याने ४१ टक्क्यांनी कमी झाल्याचे आढळले. कृती सोपी आहे. डबा मोठ्या चाळणीत उपडा करावा, दोन मिनिटे पाणी गळू द्यावे, मग नळाखाली दाणे हलक्या हाताने वरखाली करत धुवावेत आणि पुन्हा निथळावेत. चिकट, फेसाळ पाणी जाऊन स्वच्छ पाणी येऊ लागले की झाले. यात थोडे फोलेटही जाते, पण मिठाचा भार निम्म्याच्या जवळ उतरणे हा अधिक मोलाचा सौदा आहे.

त्याहून चांगला मार्ग म्हणजे मीठ न घातलेला डबा घेणे. ‘मीठ घातलेले नाही’ आणि ‘सोडियम कमी केलेले’ हे दोन दावे एकच नव्हेत. दुसऱ्या दाव्यात नेहमीच्या डब्यापेक्षा सोडियम कमी असते इतकेच. मूळ प्रमाण भरपूर असेल तर कमी केलेलेही पुष्कळ असू शकते. आंतरराष्ट्रीय कोडेक्स निकषांप्रमाणे आणि भारतातल्या नियमांप्रमाणे ‘कमी सोडियम’ म्हणण्यासाठी १०० ग्रॅममध्ये १२० मिलिग्रॅमहून अधिक सोडियम चालत नाही. दाव्यापेक्षा कोष्टकातला आकडा वाचणे केव्हाही बरे.

साखर, रंग आणि इतर भर

साध्या कडधान्यांच्या डब्यात दाणे, पाणी आणि मीठ यांपलीकडे फारसे काही लागत नाही. दाणा फुटू नये म्हणून काही कंपन्या कॅल्शियम क्लोराइड घालतात आणि रंग काळवंडू नये म्हणून ईडीटीए हे धातू बांधून ठेवणारे द्रव्य. दोन्हींना ठरावीक मर्यादेत परवानगी आहे.

बेक्ड बीन्सची गोष्ट वेगळी. घेवडा तोच, तंतूही बऱ्यापैकी, पण सॉसमधून साखर आणि मीठ येते. ब्रिटनमधल्या नेहमीच्या डब्यात १०० ग्रॅमला चार ते पाच ग्रॅम साखर असते, अमेरिकी चवीच्या डब्यांत त्याहून बरीच जास्त. इथे सॉस हाच पदार्थ असल्याने निथळून धुण्याचा उपाय चालत नाही. परदेशात राहणाऱ्या शाकाहारी मराठी कुटुंबांनी आणखी एक गोष्ट पाहावी : अमेरिकेत ‘पोर्क अँड बीन्स’ आणि काही प्रकारचे रिफ्राइड बीन्स यांत डुकराची चरबी असते. चित्रात नुसते दाणे दिसले, तरी घटकांची यादी वाचल्याशिवाय असा डबा घेऊ नये.

पचन, लेक्टिन आणि पोटातला वायू

एका बाबतीत डबा घरच्या ढिसाळ स्वयंपाकापेक्षा निःसंशय सुरक्षित आहे. लाल राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचे लेक्टिन भरपूर असते. कच्चा किंवा अर्धकच्चा राजमा खाल्ला तर काही तासांत जोरदार उलट्या आणि जुलाब होतात. मंद आचेच्या विजेच्या भांड्यात राजमा शिजवल्याने असे प्रकार घडले आहेत, कारण त्यात तापमान ७५-८० अंशांवरच रेंगाळते आणि तेवढ्याने लेक्टिन नष्ट होत नाही. भिजवलेला राजमा किमान दहा मिनिटे, आणि अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाच्या शिफारशीप्रमाणे ३० मिनिटे, सळसळत उकळायला हवा. डब्यातला राजमा १२० अंशांच्या आसपास शिजलेला असल्याने ही भीती राहत नाही. प्रथिनांचे पचन अडवणारे ट्रिप्सिनरोधकही याच उष्णतेत जवळजवळ निष्प्रभ होतात.

पोटातल्या वायूचे कारण रॅफिनोज, स्टॅकिओज आणि व्हर्बास्कोज या शर्करा. त्या तोडणारे विकर माणसाच्या लहान आतड्यात नसते. मोठ्या आतड्यातले जिवाणू त्यांच्यावर ताव मारतात आणि वायू तयार होतो. या शर्करा पाण्यात विरघळतात. त्यामुळे डब्यातले पाणी टाकून दाणे धुतले की मिठाबरोबर त्यांचाही बराच भाग निघून जातो. ज्यांना उसळ सोसत नाही, त्यांनी धुतलेल्या डबाबंद चण्यांच्या छोट्या वाटीपासून सुरुवात करून पाहावी. पुष्कळांना ती मानवते.

रक्तातली साखर आणि कोलेस्टेरॉल

कडधान्यांतला स्टार्च हळूहळू पचतो, म्हणून मधुमेहींच्या आहारात त्यांना मानाचे स्थान आहे. डबाबंद करताना दाणा अधिक शिजतो, पेशींच्या भिंती सैलावतात आणि स्टार्च पाचक रसांना लवकर सापडतो. आंतरराष्ट्रीय कोष्टकांत घरी शिजवलेल्या चण्यांचा आणि राजम्याचा ग्लायसेमिक निर्देशांक सरासरी २८ च्या आसपास दिला आहे. डबाबंद चण्यांचा ४२, डबाबंद राजम्याचा ५२, बेक्ड बीन्सचा ४८. फरक खरा आहे, पण ५५ किंवा त्याहून कमी निर्देशांक कमी गणला जातो आणि डबाबंद कडधान्येही त्याच पट्ट्यात बसतात. पांढऱ्या पावापेक्षा किंवा मऊ भातापेक्षा ती कितीतरी सरस ठरतात.

२०१४ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी २६ चाचण्यांचा एकत्रित अभ्यास केला. रोज सुमारे १३० ग्रॅम, म्हणजे वाटीभर, कडधान्य खाल्ल्याने रक्तातले एलडीएल कोलेस्टेरॉल जवळपास पाच टक्क्यांनी घटते, असा त्याचा निष्कर्ष होता. या परिणामामागे विद्राव्य तंतूंचा मोठा वाटा मानला जातो आणि ते तंतू डब्यात टिकून राहतात.

मटारचा वेगळा हिशोब

मटार कोवळा आणि हिरवा असतानाच तोडलेला असल्याने त्याच्यात क जीवनसत्त्व असते, जे सुक्या कडधान्यांत जवळजवळ नसते. म्हणून डबाबंद करताना त्याचे नुकसानही अधिक होते. ताज्या कच्च्या मटारच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ४० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते. डब्यातल्या निथळलेल्या मटारमध्ये दहा मिलिग्रॅमच्या आसपास उरते. पण तुलना कच्च्या मटारशी करून भागत नाही, कारण मटार शिजवूनच खाल्ला जातो. ताजा मटार उकडला की १४ आणि गोठवलेला उकडला की साधारण दहा मिलिग्रॅम उरते. म्हणजे क जीवनसत्त्वाच्या बाबतीत डबा आणि फ्रीझरमधला मटार जवळजवळ बरोबरीत आहेत. फोलेट मात्र गोठवलेल्यात ६० मायक्रोग्रॅमच्या जवळ आणि डब्यातल्यात ४४ च्या आसपास असते. प्रथिन गोठवलेल्यात पाच, डब्यातल्यात साडेचार ग्रॅम. डोळ्यांना हितकारक ल्यूटिन स्निग्धात विरघळणारे आणि उष्णतेला बऱ्यापैकी दाद न देणारे असल्याने ते डब्यातही चांगले टिकते.

मटारच्या कारखान्यात दाण्यांची प्रतवारी मिठाच्या पाण्यात करतात. कोवळे दाणे हलके असल्याने तरंगतात. जून दाण्यांत साखरेचा स्टार्च झालेला असल्याने ते बुडतात. तरंगणारे दाणे वरच्या प्रतीचे मानले जातात. पुढे रिटॉर्टच्या उष्णतेत हरितद्रव्यातला मॅग्नेशियमचा अणू निसटतो आणि झळझळीत हिरवा दाणा शेवाळी, पिवळट हिरवा होतो. डब्यातल्या खऱ्या मटारचा रंग असा मंद असतो. तो दोष नाही, शिजल्याची खूण आहे. उलट डब्यातला मटार पानासारखा हिरवागार दिसत असेल, तर रंग घातलेला असण्याचा संभव मोठा. भारतात हवाबंद डब्यातल्या मटारला ठरावीक संश्लेषित रंग मर्यादेत वापरण्याची मुभा आहे. लेबलवर टार्ट्राझिन किंवा ब्रिलियंट ब्लू ही नावे, अथवा १०२ आणि १३३ हे क्रमांक, दिसतात. लहान मुलांच्या खाण्यात असे डबे टाळलेले चांगले.

सुक्या वाटाण्याच्या डब्यात क जीवनसत्त्व नावापुरतेच असते. प्रथिन आणि स्टार्च ताज्या मटारपेक्षा जास्त. उसळीसाठी तो चालेल, मटार म्हणून नव्हे.

डब्याचा धातू, आतले अस्तर आणि सुरक्षितता

पोलादी डब्याला आतून कथिलाचा मुलामा किंवा रेझिनचे अस्तर असते. कडधान्ये आंबट नसल्याने त्यांत कथिल फारसे उतरत नाही; कोडेक्सने डबाबंद अन्नासाठी कथिलाची मर्यादा एका किलोला २५० मिलिग्रॅम ठेवली आहे. खरा वाद अस्तराचा आहे. अनेक दशके वापरल्या गेलेल्या इपॉक्सी अस्तरात बिस्फेनॉल-ए असते आणि ते अल्प प्रमाणात अन्नात उतरते. हार्वर्डच्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवले की पाच दिवस रोज डबाबंद सूप घेणाऱ्यांच्या लघवीतले बिस्फेनॉल-ए ताजे सूप घेणाऱ्यांच्या तुलनेत दहा पटींहून अधिक वाढले होते. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२३ मध्ये त्याची सुरक्षित मानलेली दैनंदिन मात्रा २०,००० पटींनी खाली आणली. डिसेंबर २०२४ मध्ये युरोपीय संघाने अन्नाच्या संपर्कात येणाऱ्या वस्तूंत त्याच्या वापरावर बंदी घालणारा नियम मंजूर केला. अमेरिकी अन्न व औषध प्रशासन मात्र सध्याच्या पातळीला ते सुरक्षित मानते. काचेच्या बरणीत किंवा कागदी खोक्यात मिळणारी शिजवलेली कडधान्ये हा ज्यांना शंका नको त्यांच्यासाठी पर्याय आहे. रोजच्या रोज डब्यावर अवलंबून न राहणे, हाही एक शहाणपणाचा उपाय.

डबा घेताना तो फुगलेला, गंजून छिद्र पडलेला किंवा जोडाजवळ चेपलेला नसावा. उघडताना पाण्याची चिळकांडी उडाली किंवा वास विचित्र आला, तर चव न घेता डबा टाकून द्यावा. उघडल्यावर उरलेले दाणे स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यात काढून फ्रिजमध्ये ठेवावेत आणि तीन-चार दिवसांत संपवावेत. मटार किंवा चणे घरी साध्या उकळत्या पाण्यात बाटलीबंद करण्याचा प्रयोग कुणीही करू नये. तेवढ्या उष्णतेने बोट्युलिनमचे बीजाणू मरत नाहीत.

पर्यायांच्या तुलनेत डबा

महाराष्ट्रातल्या घरी कडधान्य म्हणजे रात्री भिजत घातलेली मटकी, मूग, चवळी, वाटाणा आणि सकाळी कुकरच्या शिट्ट्या. या पद्धतीत मीठ आपल्या हातात राहते, पोटॅशियम आणि फोलेट अधिक टिकते आणि खर्चही कमी येतो. मोड आणले तर आणखी एक लाभ होतो : फायटेट घटते, म्हणजे लोह आणि जस्त अधिक शोषले जाते, आणि कोरड्या दाण्यात नसलेले क जीवनसत्त्व तयार होते. कोणताही डबा मोडाच्या उसळीची बरोबरी करू शकत नाही. भिजवलेली कडधान्ये कुकरमध्ये शिजवून, वाट्यांच्या मापाने गोठवून ठेवली, तर डब्याइतकीच तत्पर सोय घरातच होते. मटारच्या बाबतीत हंगामात ताजा आणि एरवी गोठवलेला, हा क्रम योग्य.

डब्याची जागा तरीही आहे. परगावी शिकणारा विद्यार्थी, परदेशात दिवसभर कामावर असलेले जोडपे, एकटे राहणारे वृद्ध, कुकर नसलेली खोली, पूर-वादळातला शिधा : इथे डब्याची तुलना घरच्या उसळीशी नसते, इन्स्टंट नूडल्सशी, पावाशी किंवा उपाशी झोपण्याशी असते. त्या तुलनेत डबाबंद चणे आणि राजमा सहज जिंकतात, कारण प्रथिने आणि तंतू ही त्यांची मुख्य देणगी डब्यात शाबूत राहिलेली असते.

या सगळ्या माहितीचा निष्कर्ष असा. डबाबंद कडधान्ये हे सकस अन्न आहे. घरच्या कडधान्यांपेक्षा किंचित उणे, पण बहुतेक तयार खाद्यपदार्थांपेक्षा बरेच वरचे. मीठ न घातलेला डबा निवडावा. तो नसेल तर दाणे निथळून धुवावेत, वरून मीठ घालताना हात आखडता घ्यावा, लिंबू पिळावे आणि भात किंवा पोळी-भाकरीची जोड द्यावी. गोड सॉसमधले आणि रंगवलेले प्रकार नैमित्तिक ठेवावेत. भिजवायला वेळ आणि कुकर हाताशी असेल, तेव्हा भिजवलेले आणि मोड आणलेले कडधान्यच पहिली निवड असावे. वेळ नसेल त्या दिवशी कडधान्य ताटातून वगळण्यापेक्षा डबा उघडावा.